पल्ल्याचा आकडा आणि बारा सेकंद : रणगाड्याच्या तोफेतून क्षेपणास्त्र मागणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नव्या रणगाड्यांचे आवश्यकतापत्रक लिहिणाऱ्या सेनादलांतील तज्ज्ञ समित्यांचे अध्यक्ष व सदस्य यांस

विषय : मुख्य तोफेतून डागायच्या रणगाडाविरोधी मार्गदर्शित क्षेपणास्त्राचे कलम

महोदय,

सादर नमस्कार.

नव्या रणगाड्याचे आवश्यकतापत्रक लिहायला घेतले की वजन, इंजिनाची अश्वशक्ती, तोफेचा व्यास, चिलखताची जाडी ही कलमे लिहून होतात आणि मग कधी ना कधी एक छोटे कलम येते : मुख्य तोफेतून मार्गदर्शित क्षेपणास्त्र डागता आले पाहिजे, पल्ला किमान ५ किलोमीटर. कलम दीड ओळीचे असते आणि त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण दूरवर मारा करणारे जास्तीचे हत्यार नको असे म्हणणारा सदस्य बैठकीत विरळाच. मी सेनादलात नोकरी केलेली नाही. अनेक वर्षे हा विषय वाचत आलेला एक नागरिक आहे, आणि या दीड ओळीमागे साठ वर्षांचा जो इतिहास आहे तो वाचून मला असे वाटू लागले आहे की हे कलम ज्या शब्दांत लिहिले जाते त्या शब्दांतच घोळ आहे. अशा क्षेपणास्त्राला माझा विरोध नाही. ते कशासाठी हवे आणि त्यासाठी रणगाड्यातले दुसरे काय काय बदलावे लागेल, हे त्याच कलमात लिहिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मुळात ही मागणी आली कुठून हे आधी पाहू, कारण ती हौसेतून आलेली नाही. ४ किलोमीटरवर आडवा उभा नसलेला, म्हणजे समोरून दिसणारा, साडेतीन मीटर रुंदीचा रणगाडा तोफचीच्या डोळ्यापाशी एक मिलिरेडियनपेक्षाही कमी कोन करतो. म्हणजे मीटरभर अंतरावर धरलेली, मिलिमीटरभरही जाड नसलेली रेघ. नळीचे उन्हाने होणारे किंचित वाकणे, दारूचे तापमान, आडवा वारा, नळीची झीज, गोळ्यागोळ्यातला फरक या सगळ्यांची बेरीज त्या रेघेच्या जाडीत बसवायची असते. १९५० आणि १९६० च्या दशकांत रणगाड्यांवर लेसर अंतरमापक आणि इलेक्ट्रॉनिक संगणक सर्रास नव्हते, तेव्हा दोन किलोमीटरच्या पुढे पहिल्याच गोळ्यात नेम लागणे हा बराचसा नशिबाचा भाग होता. त्याच सुमारास पोकळ स्फोटशीर्षाची, म्हणजे स्फोटाच्या एकवटलेल्या झोताने चिलखत भेदणारी, तारेने मार्गदर्शित होणारी क्षेपणास्त्रे आली आणि त्यांनी ती मर्यादा ओलांडली. तेव्हा वाटेत दिशा सुधारत जाणारी वस्तू तोफेच्या नळीतूनच का सोडू नये, हा विचार अमेरिकेत, सोव्हिएत संघात आणि फ्रान्समध्ये थोड्याफार अंतराने पुढे आला. क्षेपणास्त्र बुरुजाच्या बाहेर पट्टीवर टांगले तर ते गोळ्यांच्या छऱ्यांनी निकामी होते आणि दुसरे भरायला माणसाला बाहेर यावे लागते. फ्रान्सच्या एएमएक्स-१३ या हलक्या रणगाड्यावर एसएस-११ क्षेपणास्त्रे अशीच बाहेर टांगलेली असत. नळीतून सोडले तर सारे काम चिलखताच्या आत राहते. विचार चुकीचा नव्हता.

चूक झाली ती पुढे, आणि ती अमेरिकेच्या उदाहरणात इतकी लख्ख दिसते की त्यावर थोडा वेळ थांबायला हवे.

अमेरिकेने शिलेली नावाचे १५२ मिलिमीटर व्यासाचे क्षेपणास्त्र केले आणि ते सोडता यावे म्हणून तोफही तेवढ्याच व्यासाची, आखूड नळीची केली. ती एम-५५१ शेरिडन या जेमतेम १५ टनांच्या हलक्या रणगाड्यावर बसवली. क्षेपणास्त्राने नळीत फिरू नये म्हणून त्याच्या अंगावर एक दाता होता आणि तो सरकण्यासाठी नळीत लांबलचक खोबण पाडलेली होती. याच नळीतून साधे गोळेही डागायचे असल्याने गोळ्याचा दाब त्या खोबणीवर येऊन नळीला तडे जाऊ लागले; तेव्हा खोबण उथळ करावी लागली आणि तिच्याबरोबर क्षेपणास्त्राचा दाताही. साधा गोळा डागला की धक्क्याने एवढ्याशा गाडीची पुढची चाके जमिनीवरून उचलली जात आणि त्या हादऱ्याने क्षेपणास्त्राला दिशा देणाऱ्या नाजूक यंत्रणेची जुळणी बिघडे. म्हणजे एकाच नळीत राहणारी दोन हत्यारे एकमेकांच्या मुळावर उठली होती. पितळी काडतुसाऐवजी जळून जाणारे आवरण वापरले होते. ते ओल धरून फुगे आणि त्याचे धुमसते अवशेष नळीत राहत, म्हणून दाबाच्या हवेने नळी साफ करणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागली.

त्यातही मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट अंतराची आहे. नळीतून निघालेले शिलेली तोफचीच्या दृष्टिरेषेत येऊन अवरक्त किरणांच्या दुव्याने पकडले जाईपर्यंत सुमारे ७३० मीटर निघून जात. त्याच्या आत ते निरुपयोगी. दुसऱ्या बाजूला आखूड नळीतून कमी वेगाने जाणारा साधा गोळा हजारभर मीटरच्या पुढे भरवशाचा नव्हता. जवळ क्षेपणास्त्र चालत नाही, लांब गोळा पोहोचत नाही, आणि मधला पट्टा, जिथे रणगाड्यांच्या बहुतेक लढाया होतात, तिथे दोन्ही जेमतेम. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

१९६९ च्या सुरुवातीला शेरिडन व्हिएतनाममध्ये गेले ते क्षेपणास्त्राशिवाय. तिथे शत्रूचे रणगाडे क्वचितच समोर यायचे, जंगलात ३ किलोमीटर दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सैनिकांना उपयोगी पडला तो हजारो बारीक पोलादी बाण फेकणारा साधा गोळा. ८०,००० हून अधिक शिलेली तयार झाली; प्रत्यक्ष युद्धात ती डागली गेली ती १९९१ च्या आखाती युद्धात, एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही प्रामुख्याने बंकरांवर. याच तोफेचा एम-६०ए२ हा मोठा रणगाडा पाचशेहून थोडा अधिक संख्येने बनला आणि काही वर्षांतच मोडीत निघाला. अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांनी १९६३ मध्ये एकत्र हाती घेतलेला एमबीटी-७० हा प्रकल्पही याच क्षेपणास्त्राच्या भोवती रचलेला होता. जर्मनीने १९७० मध्ये अंग काढून घेतले आणि पुढे त्याचा अमेरिकी उरलेला भागही रद्द झाला. त्यानंतर दोन्ही देशांनी जे रणगाडे केले, लेपर्ड-२ आणि एम-१ एब्रम्स, त्यांत नळीतून सोडायचे क्षेपणास्त्र मुळातच नव्हते. हात पोळल्यावर विस्तवापासून माणूस लांब बसतो, तसे झाले. फ्रान्सच्या १४२ मिलिमीटरच्या आक्रा क्षेपणास्त्राचा प्रयत्नही खर्चापायी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस सोडून देण्यात आला.

सोव्हिएत संकल्पकांनीही आधी ठेच खाल्ली. टी-६२ च्या साट्यावर तोफ काढून टाकून फक्त द्राकोन क्षेपणास्त्रे ठेवलेला आयटी-१ नावाचा रणगाडा त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सेवेत आणला आणि थोड्याच काळात काढून टाकला. पण त्यांनी त्यातून काढलेला धडा वेगळा होता. तोफ जशी आहे तशीच ठेवायची, १२५ मिलिमीटरची, गुळगुळीत नळीची, जोरकस. आणि क्षेपणास्त्राने तिच्यात मावायचे. १९७६ मध्ये टी-६४बी वर स्वीकारलेले कोब्रा हे क्षेपणास्त्र म्हणूनच दोन तुकड्यांत केले होते. ऑटोलोडरच्या, म्हणजे तोफ आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या, खणात साधा गोळा आणि त्याची दारू जशी वेगवेगळी बसते, तसे क्षेपणास्त्राचे दोन भाग बसत आणि तोफेत ढकलले जाताना एकमेकांना जोडले जात. खणाची लांबी बदलली नाही, नळीत खोबण पाडली नाही, गोळ्याचा वेग तिळभरही कमी झाला नाही. आदेश रेडिओने जात. त्यासाठी कमांडरच्या झडपेसमोर बुरुजावर एक पेटीसारखा अँटेना दिसे. धुळीच्या किंवा बर्फाच्या प्रदेशात क्षेपणास्त्र दृष्टिरेषेच्या काही मीटर वरून न्यायचे आणि लक्ष्याजवळ खाली आणायचे, अशी सोयही होती, कारण जमिनीलगत उडालेली धूळ तोफचीलाच आंधळे करते हे कोणीतरी मैदानावर पाहिले असणार.

पुढे १९८० च्या दशकात लेसर शलाकेवर चालणारी पिढी आली : टी-७२बी साठी ४ किलोमीटरचे स्विर, टी-८०यू साठी ५ किलोमीटरचे रिफ्लेक्स, आणि जुन्या टी-५५ साठी १०० मिलिमीटरचे बास्टियन. शलाकेवर चालण्यातली खुबी लक्षात घेण्याजोगी आहे. लेसर लक्ष्यावर आदळून परतण्याची गरज नसते. क्षेपणास्त्राच्या शेपटीत मागे पाहणारा ग्राहक असतो, तो स्वतःला शलाकेच्या मध्याशी ठेवत जातो. शलाका क्षीण ठेवता येते आणि ग्राहकाचे तोंड शत्रूकडे नसल्याने त्याला चकवणे कठीण जाते. बास्टियनचे उदाहरण मला सगळ्या इतिहासात सर्वांत समंजस वाटते. टी-५५ ची तोफ जुनी झाली होती, तिच्या साध्या गोळ्यांना नव्या रणगाड्यांचे पुढचे चिलखत भेदणे अवघड झाले होते आणि हजारो गाड्यांची तोफ बदलणे परवडणारे नव्हते. तिथे क्षेपणास्त्राने तोफेला आणखी काही वर्षे कामाचे ठेवले. गरज नेमकी होती, म्हणून उत्तर नेमके सापडले. बीएमपी-३ सारख्या हलक्या चिलखती वाहनाच्या १०० मिलिमीटर तोफेलाही हाच न्याय लागू होतो.

मात्र याच सोव्हिएत सैन्याने टी-६४बी१ आणि टी-७२बी१ असे, क्षेपणास्त्राची यंत्रणा वगळलेले प्रकारही बनवले, हे आपल्या समितीने विसरू नये. ज्यांनी हे हत्यार सर्वांत मोठ्या प्रमाणावर स्वीकारले त्यांनाही ते प्रत्येक रणगाड्यावर देणे खर्चाच्या दृष्टीने जमले नाही किंवा गरजेचे वाटले नाही.

आता तोफचीच्या आसनावर बसून पाहू. समोर ४ किलोमीटरवर शत्रूचा रणगाडा आहे. जड धातूच्या लांब सळईचा चिलखतभेदी गोळा नळीतून सेकंदाला सुमारे १,७०० मीटर वेगाने निघतो आणि हे अंतर अडीच सेकंदांच्या आसपास कापतो. क्षेपणास्त्राचा सरासरी वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या घरात असतो. त्याला लागतात बारा सेकंद. ५ किलोमीटरवर चौदा किंवा अधिक. या बारा सेकंदांत तोफचीने चौकटीतली खूण लक्ष्यावरून हलू द्यायची नाही. डागल्याबरोबर उठलेली धूळ खाली बसेपर्यंत दम धरायचा. लक्ष्य ताशी ३० किलोमीटरने आडवे चालले असेल तर तेवढ्यात ते शंभर मीटर सरकते, म्हणजे वाटेत एखादे झुडूप, खळगा, घराची भिंत येऊन दृष्टिरेषा तुटायला भरपूर वाव. आणि आपली गाडी? ती हळूहळू चालली तरी नव्या यंत्रणांत चालते, पण उंचवट्यामागे मागे सरकणे, जी रणगाड्याची जगण्याची सर्वांत जुनी युक्ती आहे, ती या बारा सेकंदांत बंद असते. शिवाय तेवढ्या वेळात साध्या गोळ्याने एकाहून अधिक वेळा मारा करता आला असता. आवश्यकतापत्रकात पल्ल्याशेजारी या सेकंदांचा रकाना मी तरी कधी ठळकपणे मांडलेला पाहिला नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पल्ला ५ किलोमीटर मागायचा आणि ५ किलोमीटरवर रणगाडा आपला की शत्रूचा हे ओळखणारी दृष्टी मागायची नाही, म्हणजे आडातच नाही ते पोहऱ्यात शोधणे. टी-७२बी वर तोफचीची मुख्य दुर्बीण आणि क्षेपणास्त्राला दिशा देणारी दुर्बीण वेगवेगळ्या होत्या. दुसरी रात्री बघण्यासाठीही वापरायची होती, पण तिच्यातून रात्री जे अंतर दिसे ते स्विरच्या पल्ल्याच्या निम्म्याहूनही बरेच कमी होते. दिवसा चालणारे आणि रात्री झोपणारे हत्यार, असे त्याचे वर्णन कोणी केले तर ते खोटे ठरले नसते. उष्णतेवरून प्रतिमा दाखवणारे थर्मल कॅमेरे रणगाड्यांवर आले तेव्हा कुठे या क्षेपणास्त्रांना त्यांच्या आकड्याला शोभेल असे काम मिळू लागले. पण शोधणे, रणगाडा आहे हे कळणे आणि कोणाचा आहे हे ओळखणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात बहुधा पहिल्या पायरीचाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो.

याच ठिकाणी पाश्चात्त्य रणगाडातज्ज्ञांचा जुना आक्षेप येतो. १९९१ मध्ये इराकच्या वाळवंटात एका ब्रिटिश चॅलेंजर रणगाड्याने साध्या चिलखतभेदी गोळ्याने साडेचार किलोमीटरहून दूरच्या इराकी रणगाड्याचा वेध घेतला होता. त्यांचे म्हणणे असे, की पैसा अंतरमापकात, संगणकात, स्थिरीकरणात आणि थर्मल कॅमेऱ्यात घाला, मग क्षेपणास्त्राची गरजच राहत नाही. यात तथ्य आहे, पण एका वेधावरून नियम ठरत नाही. तो वेध सपाट वाळवंटातला होता. हलणाऱ्या लक्ष्यावर, आडव्या वाऱ्यात, तेवढ्या अंतरावर पहिल्याच गोळ्यात नेम लागण्याची शक्यता मार्गदर्शित क्षेपणास्त्राइतकी राहत नाही. आणि हेलिकॉप्टरच्या बाबतीत तर हा आक्षेप पांगळाच आहे. झाडांच्या रांगेमागून वर येऊन ४ किलोमीटरवरून क्षेपणास्त्र सोडणारे हेलिकॉप्टर हे सोव्हिएत संकल्पकांच्या मनातल्या लक्ष्यांपैकी एक होते, आणि त्याच्यावर सळईचा गोळा मारणे म्हणजे उडत्या पाखरावर गोफण फिरवणे. आपल्याला क्षेपणास्त्र जर हेलिकॉप्टरसाठी हवे असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण मग स्फोटशीर्ष आणि त्याची कळ दोन्ही वेगळी लागतात. चिलखत भेदणारे स्फोटशीर्ष हवेतल्या लक्ष्याच्या अगदी जवळून गेले तरी प्रत्यक्ष आपटल्याशिवाय फुटत नाही.

भेदकतेविषयीही कलमात सहसा मोघम लिहिले जाते. पोकळ स्फोटशीर्षाचा वेध त्याच्या व्यासावर अवलंबून असतो. जमिनीवरून किंवा वाहनाच्या बाहेरच्या नळीतून सोडायचे कॉर्नेटसारखे क्षेपणास्त्र १५२ मिलिमीटरचे असू शकते. आजच्या रणगाड्यांच्या तोफेतून सोडायचे क्षेपणास्त्र १०५, १२० किंवा १२५ च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे नळी हीच त्याची मर्यादा. त्यातून शलाकेवर चालणारे क्षेपणास्त्र सरळ रेषेत येते आणि समोरच्या रणगाड्याच्या पुढच्या बाजूवर, त्याच्या सर्वांत जाड चिलखतावर आदळते. १९८० च्या दशकापासून त्या चिलखतावर स्फोटाने उत्तर देणाऱ्या विटा बसू लागल्या, तेव्हा क्षेपणास्त्राला एकामागे एक अशी दोन स्फोटशीर्षे द्यावी लागली. रशियाचे इन्वार हे त्याच धाटणीचे. आता इस्रायलच्या ट्रॉफीसारख्या सक्रिय संरक्षण यंत्रणा येणाऱ्या वस्तूला हवेतच गाठतात. सेकंदाला साडेतीनशे मीटरने येणारे क्षेपणास्त्र गाठणे आणि दीड हजार मीटरने येणारी जड सळई अडवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उद्याच्या शत्रूकडे अशी यंत्रणा असेल हे गृहीत धरून समितीने भेदकतेचा आकडा मागायला हवा. नुसते मिलिमीटर पुरेसे नाहीत.

एक वाट यातून बाहेर जाते, पण ती वेगळ्याच गावाला जाते. इस्रायलचे लाहात हे क्षेपणास्त्र शलाकेवर चालत नाही. लक्ष्यावर पडलेल्या लेसरच्या ठिपक्याकडे ते स्वतः वळते. तो ठिपका रणगाड्यानेच टाकला पाहिजे असे नाही. पुढे बसलेला निरीक्षक, दुसरे वाहन किंवा विमान तो टाकू शकते, त्यामुळे रणगाडा आडोशामागे राहून ८ किलोमीटरपर्यंत मारा करू शकतो आणि क्षेपणास्त्र वरून खाली येऊन पातळ छताचा वेध घेते. दक्षिण कोरियाने के-२ रणगाड्यासाठी केलेला गोळा तर लक्ष्यावर पोहोचून स्वतःच्या संवेदकांनी ते शोधतो आणि वरून भेदतो. अमेरिकेचा याच जातीचा मध्यम पल्ल्याचा मार्गदर्शित गोळा चाचण्यांत चांगला चालला, पण २००९ मध्ये तो ज्या मोठ्या कार्यक्रमाचा भाग होता तो कार्यक्रमच गुंडाळला गेला. यांतल्या लेसरच्या ठिपक्यावर विसंबणाऱ्या हत्यारांना एक धोका असतो : लक्ष्यावर लेसर पडला की इशारा देणारे संवेदक आज रणगाड्यांवर सर्रास असतात, आणि इशारा मिळताच धुराचे नळकांडे फुटते. पण माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. ठिपक्यावर चालणाऱ्या हत्याराचे यश रणगाड्यात ठरत नाही, ठिपका टाकणाऱ्याशी असलेल्या संपर्कात ठरते. संपर्काची सोय न मागता असे क्षेपणास्त्र मागणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे.

किमान अंतराकडेही लक्ष वेधतो, कारण कमाल आकड्याच्या चकाकीत ते हरवते. भारताच्या अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटर आटे असलेल्या तोफेतून डागायचे लेसर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र डीआरडीओने विकसित केले. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या अहमदनगरजवळील के. के. रेंजवर त्याने ३ किलोमीटरवरचे लक्ष्य भेदले, आणि ४ ऑगस्ट २०२२ च्या चाचणीनंतर किमान ते कमाल अशा दोन्ही टोकांच्या अंतरांवर ते चालते असे जाहीर झाले. त्या वेळच्या अधिकृत निवेदनात, आकाराच्या मर्यादांमुळे कमी अंतरावरचे लक्ष्य वेधणे हेच अवघड आव्हान होते, असे मोकळेपणाने म्हटले होते. मला हे निवेदन वाचून बरे वाटले. शेरिडनच्या ७३० मीटरची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कळेल की खरी परीक्षा कुठल्या टोकाला असते.

ड्रोनच्या काळात हे सगळे जुनाट झाले, असे समितीतला एखादा तरुण सदस्य म्हणेल. युक्रेनमधल्या युद्धात दोन्ही बाजूंचे रणगाडे पुष्कळदा झाकून उभे राहून दुरून अप्रत्यक्ष मारा करताना दिसतात आणि काही किलोमीटरवरचा रणगाडा मारायला स्वस्त ड्रोन पुढे येतो, हे खरे आहे. त्यामुळे तोफेतल्या क्षेपणास्त्राचा जुना युक्तिवाद, की दुरून मारणारे दुसरे काही रणगाड्यापाशी नाही, आज लंगडा पडतो. ड्रोनला मात्र वारा, पाऊस आणि रेडिओतला अडथळा बाधतो, आणि समोर उगवलेल्या लक्ष्यावर तो काही सेकंदांत जाऊन पोहोचत नाही. दोघांची तुलना करायची तर ती एकाच कागदावर, एकाच लक्ष्यासाठी करावी. आज ती होत नाही, कारण दोन हत्यारांच्या समित्याच वेगळ्या असतात.

राहिला प्रश्न माणसांचा. रणगाड्यात गोळ्यांची जागा मोजकी असते. प्रत्येक क्षेपणास्त्र आत आले की एक गोळा बाहेर राहतो. क्षेपणास्त्र महाग असते, म्हणून ते सरावात क्वचितच डागले जाते आणि तोफची बहुतेक वेळ सिम्युलेटरवरच शिकतो. सिम्युलेटरवर धूळ डोळ्यांपुढे येत नाही, गाडी हादरत नाही आणि समोरून कोणी उलटा मारा करत नाही. ज्या हत्याराला बारा सेकंद स्थिर हात लागतो, त्याचाच सराव सर्वांत कमी, ही विसंगती दूर करण्याची तरतूद खरेदीच्या त्याच कागदात झाली नाही तर नंतर होत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. हे कलम नव्याने लिहावे आणि त्यात पल्ल्याच्या आकड्याआधी लक्ष्याचे नाव यावे : रणगाडा, हेलिकॉप्टर की तटबंदी. त्या लक्ष्याची रात्री ओळख पटण्याचे अंतर, त्या अंतरापर्यंत जायला लागणारे सेकंद आणि ज्याच्या आत क्षेपणास्त्र चालत नाही ते अंतर, हे तीन आकडे शेजारी शेजारी असावेत. तोफेच्या साध्या गोळ्याचा वेग, अचूकता आणि संख्या यांत क्षेपणास्त्रापायी काडीचीही घट चालणार नाही, असे स्वतंत्र वाक्य त्यात असावे. आणि स्वीकृतीची पहिली चाचणी कारखान्याच्या निष्णात तोफचीने दिवसाउजेडी स्थिर फळीवर घेऊ नये. ती रात्री घ्यावी, रणगाड्यातल्या ज्या चमूने आजवर फक्त सिम्युलेटर पाहिला आहे त्याच्या हातून, आधी दहा-बारा साधे गोळे डागून हादरलेल्या गाडीतून, आडव्या चालणाऱ्या आणि अधूनमधून आडोशाला जाणाऱ्या लक्ष्यावर.

आपला नम्र,
रणगाड्यांच्या इतिहासाचा एक वाचक